गरीब कुत्रं पाहिजे

२ मे

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे रोज भांडतो आहोत. विषय एकच, कुत्रा. ठमीचं रुसून झालं, रडून झालं, आता ती वकिली करते. सकाळी दात घासता घासता तोंडात फेस ठेवून मुद्दे मांडते. आठ वर्षांच्या पोरीला इतके मुद्दे सुचतात कुठून, कोण जाणे. शाळेतल्या बाईंचीही तक्रार तीच, की एक सांगितलं की ही दोन ऐकवते. गोटू तुला माहीतच आहे. पाच वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे नाकी नऊ येतात. पण परवा त्यानं माझा शिवणाचा खडू घेतला आणि गिऱ्हाइकाच्या पॅंटवर कुत्रा काढला. आखूड करायला म्हणून मी ती दुकानातून घरी आणली होती. गुडघ्यापासून खिशापर्यंत कुत्रा! आणि ताई, खरं सांगते, झकास जमला होता. पुसताना अगदी जिवावर आलं.

आमचे हे दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवतात. त्यांचं म्हणणं, कुठलाही आणा, फक्त आणण्याआधी मला त्याचे दात बघू द्या. बाकी सल्ले देणारे ढीगभर. दुकानातले कटिंगमास्तर म्हणतात, मोठ्या जातीचा आण, मोठी कुत्री शांत असतात. समोरचे घड्याळवाले म्हणतात, मांडीवर मावेल एवढाच आणा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलं लहान आहेत तोवर मासे पाळा. त्यावर ठमीनं तिथल्या तिथे विचारलं, की माशाला फिरायला कसं न्यायचं.

घर तुझं आणि भावोजींचं. आम्ही नुसते राहतो. तेव्हा तुझ्या होकाराशिवाय काही करायचं नाही असं मी मुलांना बजावलं आहे. तू वसतिगृहाची रेक्टर, तिथे इतकी कुत्री येऊन जाऊन राहिली. लहान मुलांच्या घरात कसं कुत्रं आणावं, ते तूच सांग.

लोभ आहेच, परवानगीही असावी.

तुझी
धाकटी

०

११ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या पोरांनी तुला पुरतं गुंडाळलेलं दिसतंय. तुझ्या भावोजींना विचारलं. आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, आणू दे, पण दारं, जिना आणि भिंती जशा आहेत तशा राहिल्या पाहिजेत. तेव्हा होकार समज.

आता नीट ऐक. पिल्लू आणू नकोस, तुझी एकही चप्पल जोडीनं राहायची नाही. फार केसाळ नको, तुला दोन नोकऱ्या कराव्या लागतील, एक कपड्यांची आणि एक केसांची. जात, रंग, उंची ह्याला मी काडीची किंमत देत नाही. एकच गोष्ट बघ. मुलांच्या घरात कुत्रं गरीब पाहिजे. शेपटी ओढली तरी हूं नाही की चूं नाही. ताट पुढून काढून घेतलं तरी बघत बसेल असं. गरीब नसेल तर कितीही देखणं असो, दारातून परत पाठव.

तू लहानपणी अशीच होतीस. आई गेली तेव्हा तू जेमतेम गोटूएवढी, आणि मी तुझ्याहून मोठी म्हणजे काय, कॉलेजात. एकदा तुला कापडाच्या दुकानात स्टुलावर बसवलं आणि गडबडीत विसरून घरी आले. संध्याकाळी धावत गेले तर तू तशीच बसलेली. रडणं नाही, हाक नाही. दुकानदार म्हणाला, अशी गरीब पोर उभ्या जन्मात पाहिली नाही. मी ते अजून सगळ्यांना कौतुकानं सांगते. ठमी कुणावर गेली आहे, देव जाणे.

जीव अडकलेला असतो तुमच्यात, म्हणून एवढं सांगणं.

तुझी
ताई

०

३० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आली एकदाची! कुत्री आहे, काळी आहे, एक कान अर्धा आहे. आता कशी आली ते ऐक, आणि हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेव.

तुझं पत्र मी मुलांना जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. गरीब कुत्रं पाहिजे हे वाक्य ठमीनं दोनदा वाचून घेतलं. मग आम्ही पिल्लं विकणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. मोठं कुत्रं मिळतं का, एवढंच विचारायला. होती नुसती पिल्लं, लोकरीचे गुंडेच. ते गृहस्थ म्हणाले, ही जात फार गरीब हो. ठमीनं तिथली चकचकीत फरशी बघितली, पिल्लांसाठी लावलेला पंखा बघितला, त्यांच्या आईची गादी बघितली, आणि त्यांच्या तोंडावर म्हणाली की हे खोटं बोलताहेत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हाताला धरून तिला बाहेर ओढलं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग बेवारशी कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेलो. तिथं गमबूट घातलेल्या एक बाई पाइपनं फरशी धूत होत्या. ठमीनं त्यांना विचारलं, तुमच्याकडे सगळ्यांत गरीब कोण? त्यांनी एक तांबूस कुत्रा दाखवला. काय सांगू, लोण्याचा गोळा! गोटूनं हात लावला तर उताणाच झाला. ह्यांनी दात बघून मान डोलावली. मी सही करायला निघाले, तर ठमीची उलटतपासणी सुरू. ह्याला स्वतःची चादर आहे का? आहे. स्वतःचं ताट? आहे. भेटायला कुणी येतं का? येतं, एक निवृत्त पोस्टमन येतात. मग हा कसला गरीब, असं म्हणून ती एकटीच पुढं गेली, आणि धापा टाकत परत आली. सापडली म्हणाली. शेवटच्या पिंजऱ्यात ही बसली होती, आमच्याकडे पाठ करून. त्याच दिवशी आणलेली. चादर नाही, ताट नाही, पाटीवर नाव नाही. मला वाटलं, किती शांत बसली आहे बिचारी! ह्यांनी दात बघायला तोंड पुढं केलं, तर तिनं आपण होऊन सगळे दाखवले. हे म्हणाले, एक नंबर आहेत. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं.

घरी आल्यावर तिला खायला दिलं. गोटू तिच्या ताटाजवळ गेला आणि ती अशी गुरगुरली, की माझ्या हातातला डाव खाली पडला. मी ठमीवर उखडले, तू तर म्हणालीस गरीब आहे! ती उलट माझ्यावरच उखडली. गरीबच आहे, तिच्याकडे काही म्हणजे काहीच नव्हतं, मावशीनं सांगितलं तशीच आणली. ताई, मी खाली फरशीवर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी मात्र दोरी बांधून परत द्यायला निघाले. गमबूटवाल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, ती चावली का? नाही. आधी सांगितलं ना तिनं? हो. मग तुमची तक्रार काय आहे? त्या म्हणाल्या, गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेली कुत्री माझ्याकडे येतात. ती गुरगुरत नाहीत, एकदम चावतात. तशीच दोरी धरून तिला घरी घेऊन आले.

आता घरात नियम आहे. ती जेवत असली की तिच्या वाटेला जायचं नाही, आणि एरवीही हात लावायच्या आधी विचारायचं. गोटू लांब उभा राहतो आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारतो, येऊ का? आपला गोटू! तिनं शेपटी हलवली तरच पुढं जातो. नाही हलवली तर नंतर येतो म्हणून सांगतो. त्याचा इतका आवाज आम्ही जन्मात ऐकला नव्हता.

नाव तिचं गरीब असंच पडलं आहे. काल मी दारातून ओरडले, गरीब, चल घरी, तर रस्त्यानं जाणारे एक सद्गृहस्थ थांबून माझ्याकडे रागानं बघायला लागले.

लोक हसोत, तुझा लोभ कमी न होवो.

तुझी
धाकटी

०

७ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसू आलं, नाही असं नाही. वसतिगृहातल्या मुलींना वाचून दाखवलं, त्या तर लोळल्या. पण हसून झाल्यावर मी विचारात पडले. अगं, मी काय लिहिलं आणि तुम्ही काय आणलंत! आज ताटावरून गुरगुरते, उद्या अंगावर येईल. त्या बाईंचं काय जातं, त्यांचा एक पिंजरा रिकामा झाला. तुझा स्वभाव भिडस्त, परत द्यायला गेलीस आणि तशीच घेऊन आलीस, ह्यात नवल नाही. अजून वेळ गेलेली नाही. तो तांबूस कुत्रा आहे का, चौकशी कर.

गच्चीतून पाणी झिरपतंय असं तू मागे लिहिलं होतंस. ते बघायला तुझे भावोजी पुढच्या आठवड्यात येतील, मुक्काम करतील. तेवढे दिवस कुत्रीला बांधून ठेव, म्हणजे मला घोर नको.

मुलांना गोड पापा.

तुझी
ताई

०

२० जून

धाकटे,

आशीर्वाद लिहायच्या मनःस्थितीत मी आज नाही. तुझे भावोजी काल परत आले ते फाटक्या कोटानं. तुझी कुत्री त्यांना चावली. चेष्टेनं मुलाशी खेळत होते आणि अंगावर आली म्हणाले. एवढा मोठा माणूस, तुमच्याकडे पाहुणा, आणि तू त्यांची माफीसुद्धा मागितली नाहीस! नुसती उभी होतीस म्हणे.

मी तुला आधीच सांगितलं होतं. आता सांगत नाही, बजावते. ह्यांचा निरोप स्पष्ट आहे, की घरात एक तर कुत्री राहील नाहीतर तुम्ही. महिना संपायच्या आत तिला परत पोचव आणि तसं मला कळव. लहानपणापासून तू कधी माझा शब्द मोडला नाहीस, आता मोडणार नाहीस ही खात्री आहे.

ताई

०

२५ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

कुत्री जाणार नाही. हे आधी लिहिते, म्हणजे शेवटपर्यंत वाचताना तुला आशा नको.

ती भावोजींना चावलेली नाही. त्यांच्या हातावर ओरखडासुद्धा नाही, बाही वर करायला सांग आणि बघ. काय झालं ते मी सांगते, कारण मी तिथं होते. भावोजींचा तो खेळ तुला पाठ आहे. मुलाचा कान धरायचा आणि पिळत जायचं, रडायचं नाही हं, रडायचं नाही हं, असं म्हणत. रडलं तर सगळ्यांनी हसायचं. नाही रडलं तर शाब्बास, गरीब पोरगं, आणि एक गोळी. ठमीशी ते खेळत नाहीत, ती पहिल्याच वेळी बोंब मारते. गोटूशी खेळतात. गोटू उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी चहा गाळत होते. आमचे हे कसनुसं हसत होते. गरीब कोपऱ्यातून उठून मध्ये आली आणि गुरगुरली. भावोजी म्हणाले, बघा बघा, दात दाखवते, आणि त्यांनी कान आणखी पिळला. ती पुन्हा गुरगुरली. तेव्हाही त्यांनी सोडला नाही. मग तिनं त्यांच्या कोटाची बाही धरली. नुसती बाही, ताई. त्यांनी हिसडा मारला म्हणून फाटली. मी तिथल्या तिथे शिवून देते म्हटलं तर तो कोट त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतला.

आणि मग गोटू बोलला. कानावर हात ठेवून, तुझ्या नवऱ्याकडे बघून, मोठ्यानं म्हणाला की मला हे आवडत नाही, पुन्हा करायचं नाही. मी नुसती उभी होते हे खरं आहे. मी माझ्या मुलाकडे बघत उभी होते, माफी मागायची मला आठवणसुद्धा झाली नाही. आणि आठवली असती तरी मागितली नसती.

तू त्या स्टुलाची गोष्ट सगळ्यांना कौतुकानं सांगतेस. एकदा मलाही विचार. मी रडले नाही कारण माझी दातखीळ बसली होती. रडले तर गरीब म्हणणार नाहीत, आणि गरीब म्हटलं नाही तर घ्यायला येणार नाहीत, असं मला वाटत होतं. मी तुझ्यावर रागावलेली नाही गं. तू धावत आलीस, मला आठवतंय. पण त्याला कौतुक म्हणू नकोस. माझ्या मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. शेपटी ओढली तरी हूं नाही की चूं नाही, असं कुत्रंसुद्धा मला आता घरात नको.

आणखी एक. राग येणार असेल तर खुशाल येऊ दे. तू वसतिगृहातल्या सगळ्या पोरींना एका नजरेत गप्प करतेस. वॉर्डन, आचारी, शिपाई, सगळे तुला टरकून असतात. आणि भावोजी बोलायला लागले की तू चहाच्या कपात बघत बसतेस. मी किती वर्षं बघते आहे. तिथं तू काय शोधतेस?

घर सोडायचं असेल तर तसं लिही. मी खोल्या बघायला सुरुवात केली आहे. मी ह्यांना विचारलं, जमेल का? ते म्हणाले, कवळ्या काय, कुठल्याही छपराखाली घडतात, आणि त्या दिवशी मी हसलो ते मला अजून खुपतंय. सोबत ठमीची चिठ्ठी आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. माझा आहे.

तुझी
धाकटी

०

(सोबतची चिठ्ठी)

मावशीला ठमीचा नमस्कार.

तू गरीब कुत्रं आणायला सांगितलं होतं. आम्ही आणलं तेव्हा ती एकदम गरीब होती. आता तिच्याकडे चादर आहे, ताट आहे, एक बॉल आहे आणि आम्ही चार माणसं आहोत. म्हणून ती आता गरीब राहिली नाही. ह्यात आमची काय चूक आहे? तू आधी सांगायचं होतं, की ती गरीबच राहिली पाहिजे.

काकांना सांग, ती सॉरी म्हणणार नाही. तिनं दोनदा सांगितलं होतं. आमच्या बाई पण दोनदाच सांगतात आणि मग पट्टी मारतात. बाईंना कुणी परत पाठवत नाही.

तुझी लाडकी (आई म्हणते असं लिहायचं असतं)
ठमी

०

१० जुलै

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रातले राहिलेलेही ह्यातच धर. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मला संताप आला. इतका, की ऑफिसात दार लावून बसले. मुलींना वाटलं, कुणीतरी नापास झालं. संध्याकाळी पुन्हा वाचलं. मग ह्यांना म्हटलं, जरा बाही वर करा बघू. त्यांनी विचारलं कशाला. मी म्हटलं, बघायचं आहे. नाही केली वर. मी समजायचं ते समजले.

दुसऱ्या दिवशी जेवताना तुझं अख्खं पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, कपाचं वाक्यसुद्धा गाळलं नाही. ते मध्ये तीनचारदा बोलायला लागले. मी थांबले नाही, आवाज चढवून पुढं वाचत गेले. वाचून झाल्यावर त्यांनी हात धुतला आणि विचारलं, की घर कुणाचं आहे ते तुझ्या बहिणीला ठाऊक आहे ना?

धाकटे, ते घर मी रेक्टरच्या पगारातून घेतलं. कागदावर माझं एकटीचं नाव आहे. लग्नानंतर आमचं म्हणायची सवय लागली, मग ह्यांचं म्हणायची लागली, आणि हळूहळू माझं म्हणायचं राहूनच गेलं. मी त्यांना सांगितलं, घर माझं आहे, त्यात धाकटी राहील, आणि तिची कुत्री राहील. ते म्हणाले, मग मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. मी म्हटलं, जशी तुमची मर्जी, आणि आमटी वाढून घेतली. ते तसेच उठून गेले. मी जेवले, चांगली पोटभर जेवले. तेव्हापासून घरात अबोला आहे. किती टिकतो ते बघायचं. मी तर बोलायला जाणार नाही.

तेव्हा खोल्या बघणं थांबव. कवळीवाल्यांना सांग, छप्पर आहे तेच राहील, फक्त गळतंय ते मात्र आता त्यांनाच बघावं लागेल. आणि तुझी कुत्री हट्टी, फटकळ आणि पाहुण्यांची पत्रास न ठेवणारी आहे, हे माझं मत कायम आहे. ठमीला सांग, वकीलबाईंचा मुद्दा बिनतोड होता, पण बाईंच्या पट्टीबद्दल मला सविस्तर कळव. त्या शाळेत जाऊन मी स्वतः बोलणार आहे.

येत्या शनिवारी निघते आहे. एकटीच येते. आल्या आल्या नेहमीसारखा गोटूला उचलून घेऊन पापा घेणार नाही. दारातच थांबेन आणि विचारेन, येऊ का? त्याला सांगून ठेव, नाही म्हणालास तरी मावशी तशीच उभी राहील, परत जाणार नाही.

तुझी
ताई